घरी बीपी मोजण्याचे यंत्र : घ्यावे का, आणि घेतल्यावर आकडे कसे वाचावेत

दंडाला पट्टा गुंडाळायचा, एक बटण दाबायचे आणि मिनिटभरात पडद्यावर उमटणारे तीन आकडे वाचायचे, अशा स्वयंचलित बीपी-यंत्रांनी गेल्या काही वर्षांत घराघरांत जागा मिळवली आहे. तालुक्याच्या गावातील मेडिकल दुकानातही ओम्रॉन, डॉक्टर मोरपेन, डॉक्टर ट्रस्ट यांसारख्या नावांची खोकी काचेआड मांडलेली दिसतात आणि किंमत साधारणपणे हजार-बाराशे रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंत जाते. आमच्या घरात यांपैकी मधल्या किमतीचे एक यंत्र आहे. ते मुख्यतः आईसाठी आणले, आता मीही वापरतो. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपेक्षा या सगळ्या यंत्रप्रकाराविषयी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: ज्या घरात चाळिशी ओलांडलेले कोणी आहे किंवा बीपीची गोळी चालू आहे, त्या घराने हे यंत्र घ्यावे. मात्र ते थर्मामीटरसारखे वापरू नये. ताप एकदा मोजला तरी कळतो. रक्तदाब एकदा मोजून कळत नाही, आणि ही गोष्ट खोक्यावर, पुस्तिकेत किंवा पडद्यावर जितक्या ठळकपणे सांगायला हवी तितकी सहसा सांगितलेली नसते.

यंत्र नेमके काय मोजते हे समजून घेतले, तर आकड्यांविषयीच्या निम्म्या शंका तेथेच मिटतात. दवाखान्यातील पाऱ्याचे यंत्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्यात तयार होणारी ‘डायमंड’ची यंत्रे कितीतरी डॉक्टरांच्या टेबलावर वर्षानुवर्षे राहिली. दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचण्याची सोय रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ मध्ये केली, आणि पट्ट्यातील हवा सोडत असताना कोपराजवळच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवल्यास जे ठोके ऐकू येतात त्यांवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ठरवता येतात, हे १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले. ठोका प्रथम ऐकू येतो तो वरचा दाब, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा, आणि ठोका ऐकू येणे थांबते तो खालचा, म्हणजे दोन आकुंचनांमधील विसाव्याचा. १२० हा आकडा १२० मिलिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरणाऱ्या दाबाचा आहे. पाऱ्याऐवजी पाणी भरले असते तर हाच स्तंभ सुमारे १६३ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास माणसाच्या उंचीचा झाला असता. आपल्या रक्तवाहिन्या दिवसरात्र काय सोसतात याची कल्पना यावरून यावी.

घरच्या यंत्राला मात्र कान नसतात. पट्ट्याखालील धमनी प्रत्येक ठोक्याला जी सूक्ष्म थरथर निर्माण करते, ती पट्ट्यातील हवेमार्फत यंत्रातील संवेदकापर्यंत पोहोचते आणि पट्ट्याचा दाब बदलत जातो तशी ती थरथर वाढते, कमाल होते आणि पुन्हा कमी होते. ती जेथे कमाल असते तो रुग्णाचा सरासरी धमनीदाब असतो. यंत्राला सर्वांत थेटपणे सापडतो तो हा सरासरी दाब. पडद्यावर दिसणारे वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे त्या थरथरीच्या आलेखावरून गणिताने काढलेले असतात, आणि ते गणित प्रत्येक कंपनी स्वतःकडेच ठेवते. म्हणूनच शेजाऱ्यांच्या यंत्रावर १३२ आणि आपल्या यंत्रावर १३७ आले, तर त्यातील एक बिघडलेच आहे असे समजण्याचे कारण नाही. एकाच यंत्रावर पाठोपाठ घेतलेले दोन आकडेही सहसा जुळत नाहीत, कारण खुद्द रक्तदाबच श्वासागणिक थोडा हलत असतो.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. पाऱ्याच्या नळीवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे तिच्यावर १३७ हा आकडा वाचताच येत नाही; डॉक्टरांच्या जुन्या कागदांवर १३०/८० आणि १४०/९० यांचीच गर्दी दिसते ती शून्याकडे झुकण्याच्या मानवी सवयीमुळे. डिजिटल यंत्र १३७ दाखवते तेव्हा ते अधिक सूक्ष्म असल्यासारखे वाटते, पण त्यातील शेवटच्या ७ वर फार विसंबण्यात अर्थ नाही.

आता खोक्यावरील दाव्यांकडे वळू. जवळपास प्रत्येक खोक्यावर दाबाची अचूकता अधिक-उणे ३ मिलिमीटर अशी छापलेली असते आणि ग्राहकाचा समज होतो की आपला रक्तदाब तीनपेक्षा जास्त चुकणार नाही. प्रत्यक्षात ही अचूकता यंत्रातील संवेदकाची आहे. पट्ट्यातील हवेचा दाब तो किती नेमका ओळखतो, एवढेच ती सांगते. त्या हवेवरून माणसाचा रक्तदाब काढणारे गणित बरोबर आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची परीक्षाही वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्र किमान ८५ माणसांवर तपासावे लागते, प्रशिक्षित निरीक्षकांनी स्टेथोस्कोपने घेतलेल्या मापाशी त्याची तुलना होते, आणि फरकाची सरासरी ५ मिलिमीटरच्या आत व त्या फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप, ८ च्या आत असेल तरच ते उत्तीर्ण होते. या कसोटीला उतरलेल्या यंत्रांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. यंत्र घेण्यापूर्वी तेथे मॉडेल क्रमांक शोधावा, केवळ कंपनीचे नाव नव्हे, कारण एकाच कंपनीचे एक मॉडेल यादीत असते आणि त्याच्या शेजारच्या फळीवरचे दुसरे नसते. ऑनलाइन दुकानांतील तारे आणि अभिप्राय या बाबतीत निरुपयोगी आहेत. पार्सल वेळेवर आले म्हणून पाच तारे देणाऱ्याने यंत्राची अचूकता तपासलेली नसते.

यानंतर पट्ट्याचा विचार करायचा, आणि माझ्या मते खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते त्याच्याकडेच. बहुतेक यंत्रांसोबत मध्यम आकाराचा, २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठीचा पट्टा येतो. काहींसोबत २२ ते ४२ सेंटिमीटरचा रुंद पल्ल्याचा येतो. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजायला अर्धे मिनिट लागते, पण दुकानात तो कोणी मोजत नाही आणि दुकानदार विचारत नाही. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा खोटा वाढतो, मोठा असेल तर खोटा उतरतो. हा फरक किरकोळ नसतो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना मोठा पट्टा लागत होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सुमारे ५ मिलिमीटरने जास्त आला, आणि ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत होता त्यांच्यात तो जवळजवळ २० मिलिमीटरने जास्त आला. वीस मिलिमीटर म्हणजे नसलेला आजार चिकटवण्याइतका फरक आहे. उलट बाजूला कृश म्हाताऱ्या बायकांचे दंड अनेकदा २२ सेंटिमीटरपेक्षा बारीक असतात आणि त्यांचा वाढलेला दाब मध्यम पट्ट्यात झाकला जाऊ शकतो. त्यामुळे यंत्रावर पाचशे रुपये कमी खर्च झाले तरी चालतील, पण योग्य मापाचा पट्टा स्वतंत्रपणे मागून घ्यावा.

पट्टा बांधण्याची रीत पुस्तिकेत चित्रांसह असते आणि ती बहुतेक यंत्रांच्या बाबतीत चांगली दिलेली असते. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर यावी, नळी धमनीच्या रेषेत यावी आणि पट्ट्याखाली दोन बोटे सरकावीत इतपतच तो आवळावा. पुस्तिकेतील चित्रात मात्र नेहमी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला पुरुष असतो. आपल्याकडील स्त्रियांच्या ब्लाउजची बाही नेमकी दंडावर घट्ट बसते आणि ती वर सरकवली की दंडाला फास बसल्यासारखी होते, याचा विचार त्या चित्रात नाही. बाहीवरून पट्टा बांधू नये आणि घट्ट बाही गुंडाळूनही ठेवू नये. सैल बाहीचा गाऊन किंवा झंपर घालून मोजणे सर्वांत सोयीचे.

बसण्याच्या पद्धतीविषयी बरेच लोक ‘त्याने असा काय फरक पडणार’ असे म्हणतात. फरक पडतो, आणि तो साध्या पदार्थविज्ञानाने पडतो. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा भार मापात मिसळतो आणि आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच मोजून दाखवले: हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर दोन्ही आकडे सुमारे चारने वाढले, आणि हात बाजूला लोंबता सोडला तर वरचा आकडा साडेसहाने आणि खालचा चारपेक्षा थोडा अधिक वाढला. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात हात हवेत धरून किंवा मांडीवर ठेवून बीपी घेतलेले आपण सर्वांनी पाहिलेले आहे, त्यामुळे तेथील आकडा आणि घरचा आकडा जुळला नाही तर आधी हाताची जागा आठवून पाहावी.

घरी सर्वांत सोयीची जागा म्हणजे जेवणाचे टेबल आणि सरळ पाठीची खुर्ची. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर सैल टेकलेला आणि पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर असावा. सोफ्यात रुतून बसल्यास पाठ वाकते आणि टेकलेला हात एक तर खाली जातो किंवा खांद्याशी ताठतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांनाही मोजण्यापुरते खुर्चीवर बसवावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे गप्प बसायचे असते, आणि आपल्या घरांत ही अट पाळणे सर्वांत अवघड आहे, कारण पट्टा फुगू लागला की भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी ‘किती आलं?’ म्हणून विचारते आणि मोजून घेणारा उत्तर देतो. बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास सहज चढतो. लघवी तुंबलेली असली तरीही तो चढतो. चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम यांनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. म्हणूनच सकाळचे माप उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, बीपीच्या गोळीच्या आधी आणि चहाच्याही आधी घ्यायचे असते. आमच्याकडे गोळीपूर्वी मोजण्याला कोणाचाच आक्षेप नव्हता. चहापूर्वी मोजण्याला मात्र बराच झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे आलेल्या आकड्याचा अर्थ लावण्याकडे येऊ. अनेक यंत्रांच्या पडद्याच्या कडेला हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असा रंगीत पट्टा असतो आणि ग्राहकाला तो सर्वांत आवडतो. मला तो यंत्रातील सर्वांत फसवा भाग वाटतो. त्यामागील वर्गवारी बऱ्याच यंत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनावर बेतलेली असते आणि ती दवाखान्यात घेतलेल्या मापांसाठी आहे. त्या वर्गवारीत १३० ते १३९ वरचा किंवा ८५ ते ८९ खालचा दाब ‘सामान्य, पण वरच्या कडेचा’ ठरतो आणि १४०/९० पासून उच्च रक्तदाब सुरू होतो. परंतु माणूस घरी अधिक निवांत असल्यामुळे घरचे आकडे दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतात आणि म्हणून घरच्या मापांसाठी सीमा खाली ओढलेली आहे: दवाखान्यातील १४०/९० म्हणजे घरातील सरासरी १३५/८५. घरची सरासरी १३७/८७ असलेल्या माणसाला रंगीत पट्टा दिलासा देतो, आणि त्याच माणसाला डॉक्टर उच्च रक्तदाबाचा रुग्ण मानतात. काही यंत्रांत रंगीत पट्ट्याऐवजी १३५/८५ ला लुकलुकणारे हृदयाचे चिन्ह असते. ती सोय साधी असूनही घरच्या वापराला अधिक योग्य आहे.

सीमांच्या बाबतीत गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची व्याख्या १३०/८० पर्यंत खाली आणली, तर आंतरराष्ट्रीय उच्च रक्तदाब संघटनेच्या २०२० च्या आणि युरोपातील २०२४ च्या मार्गदर्शनात दवाखान्यातील १४०/९० ही सीमा कायम आहे. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि पहिल्या टप्प्यातच महाराष्ट्राचा समावेश असलेल्या शासकीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही निदानासाठी १४०/९० हीच सीमा धरली जाते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने फोनवर ‘तुमचे बीपी जास्त आहे’ म्हणावे आणि येथील डॉक्टरांनी ‘ठीक आहे, लक्ष ठेवा’ म्हणावे, यात दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. १३० ते १३९ या पट्ट्यात गोळी सुरू करायची की मीठ, वजन आणि चालणे यांवर आधी भर द्यायचा, हे मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आधी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका अशा इतर गोष्टींवर ठरते, आणि त्या गोष्टी यंत्राला ठाऊक नसतात.

दोन आकड्यांपैकी जो वरच्या वर्गात पडतो त्यावरून वर्ग ठरतो, हा नियम लक्षात ठेवावा. १२८/९२ मध्ये वरचा आकडा चांगला आहे म्हणून समाधान मानता येत नाही आणि १५८/६८ मध्ये खालचा चांगला आहे म्हणूनही नाही. हा दुसरा प्रकार वयस्कर माणसांत फार आढळतो. मोठ्या धमन्या वयानुसार ताठर होत जातात, त्यामुळे वरचा दाब चढत राहतो आणि साधारण पन्नाशीनंतर खालचा उतरू लागतो. दोन आकड्यांमधील वाढलेले अंतर हे त्या ताठरपणाचे चिन्ह असते आणि त्यावर उपचार करावे लागतात. ‘शंभरात वय मिळवावे, तेवढा वरचा दाब चालतो’ हा घरोघरी ऐकू येणारा हिशेब यासाठीच सोडून दिला पाहिजे. त्या हिशेबाने सत्तर वर्षांच्या माणसाला १७० चालेल, आणि ते चालत नाही.

या सगळ्या सीमा सरासरीला लावायच्या आहेत, एका मापाला नाही. डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी सरासरी काढण्याची रीत ठरलेली आहे: सलग सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, प्रत्येक जोडीत एक मिनिटाचे अंतर ठेवून मापे घ्यायची, पहिल्या दिवसाची मापे वगळायची आणि उरलेल्या चोवीस मापांची सरासरी काढायची. पहिला दिवस वगळण्यामागचे कारण त्या दिवशीचे आकडे पाहिले की कळते. यंत्राची नवलाई आणि धास्ती दोन्ही त्यांत उतरलेली असते. समजा, पहिल्या सकाळी १५४ आणि १४६ आले, दुसऱ्या दिवशी १४१ आणि १३६, आणि पुढे १२८ ते १४० च्या दरम्यान आकडे फिरत राहिले. यातील १५४ पाहून घाबरणारा आणि १२८ पाहून निश्चिंत होणारा, दोघेही एकाच माणसाविषयी बोलत आहेत. सरासरी १३३ आली तर तो १३५ च्या आत आहे, पण फारसा आत नाही, आणि डॉक्टरांशी बोलायचे ते यावर. ही वही लिहिताना मनाला न पटणारा आकडा गाळण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठी मापे आपोआप साठवून ठेवणारे आणि त्यांची सरासरी दाखवणारे यंत्र उपयोगी पडते, आणि दोघेजण वापरणार असतील तर दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवणारे. जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर ते या सोयीसाठी द्यावेत.

अशा वहीमुळे दोन गोष्टी उघड होतात, ज्या दवाखान्यातील एका मापातून कधीच कळल्या नसत्या. काही लोकांचे बीपी केवळ डॉक्टरांसमोर चढते आणि घरी सामान्य असते. अशांना आयुष्यभराच्या गोळीची घाई नसते, तरी त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण पुढे त्यांच्यातील अनेकांना खरा उच्च रक्तदाब होतो. याच्या नेमका उलट प्रकार अधिक धोक्याचा: दवाखान्यात १२८/८०, आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी १४० च्या पुढे. दवाखान्यातील आकडा चांगला असल्याने हा माणूस निदानातून निसटतो. माझ्या दृष्टीने यंत्राची किंमत वसूल होते ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी.

सात दिवसांची वही झाल्यावर यंत्र कपाटात गेले तरी चालते. दाब आटोक्यात असलेल्याने आठवड्यातून एक-दोनदा मोजावे, आणि औषध बदलल्यानंतर किंवा डॉक्टरांच्या भेटीपूर्वीच्या आठवड्यात पुन्हा रीतसर वही लिहावी. दिवसातून आठ-दहा वेळा मोजणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक मापाच्या चिंतेने पुढचे माप वाढते आणि यंत्र बिचारे ते इमानदारीने दाखवते.

कधी तरी पडद्यावर वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे दिसतो तेव्हा काय करायचे, याबाबत बहुतेक पुस्तिका ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ एवढेच म्हणून थांबतात. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत न बसता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा सरळ रुग्णालय गाठावे. अशी लक्षणे असतील तर आकडा १८० पेक्षा कमी असला तरीही जावे. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. स्वतःच्या मनाने जास्तीची गोळी घेऊ नये. दाब झटकन उतरवण्यासाठी जिभेखाली निफेडिपिन ठेवण्याची जुनी पद्धत वैद्यकाने सोडून दिलेली आहे, कारण दाब एकदम कोसळला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो.

तिसरा आकडा नाडीचा असतो आणि त्याच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्याच्याजवळ कधी दिसणाऱ्या अनियमित ठोक्यांच्या चिन्हाविषयी मात्र सांगायला हवे. हात हलल्यानेही ते उमटते, म्हणून एकदा दिसल्याने घाबरू नये. पण शांत बसून घेतलेल्या मापांत ते वारंवार येत असेल तर ईसीजी काढून घ्यावा, कारण वयस्कर माणसांत त्यामागे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड असू शकते आणि तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. ठोकेच अनियमित असतील तर थरथरीवर चालणाऱ्या या यंत्राचे गणितही डळमळते, त्यामुळे अशा माणसाने एका वेळी तीन मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी.

उतरलेल्या दाबाकडेही घरचे यंत्र लक्ष वेधू शकते. गोळ्या चालू असलेल्या वडीलधाऱ्यांना उठल्यावर अंधारी येत असेल, तर आधी बसून आणि मग उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्यामागे हेच कारण असू शकते. यंत्र घेतल्यावर पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून पाहावे, ज्या बाजूला आकडा जास्त येतो तीच बाजू पुढे कायम ठेवावी, आणि फरक पुन्हा पुन्हा १० पेक्षा जास्त येत असेल तर तोही सांगावा.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. मनगटावर बांधायची यंत्रे सुटसुटीत असतात, परंतु मनगट नेमके हृदयाच्या पातळीवर धरणे फार थोड्यांना जमते. दंडाचा घेर इतका मोठा असेल की योग्य पट्टाच मिळत नाही, तर ती घ्यावीत, एरवी नाही. बोटावर लावायची यंत्रे घेऊच नयेत. मनगटी घड्याळांपैकी काही बीपी दाखवतात, पण त्यांतील सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी दंडावरच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते, म्हणजे शेवटी ते यंत्र लागतेच. निदानासाठी अशा बिनपट्ट्याच्या साधनांवर विसंबू नये, असेच तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. ब्लूटूथने मोबाइलवर आलेख पाठवणारी मॉडेल्स परगावी राहणाऱ्या मुलांना आवडतात आणि आईवडिलांना क्वचितच वापरता येतात. आकडे मोठ्याने बोलून दाखवणारे यंत्र दृष्टी अधू असलेल्यांसाठी खरोखर चांगले, बाकीच्यांसाठी त्या आवाजाचा उपद्रवच अधिक.

देखभालीत फारसे काही नाही, पण जे आहे ते टाळू नये. सेल उतरत आले की खूण दिसते, तेव्हा सगळे सेल एकदम बदलावेत. बरेच दिवस वापर नसेल तर ते काढून ठेवावेत, नाहीतर पाझरतात. पट्ट्याची नळी यंत्राभोवती करकचून गुंडाळल्यास मुळाशी चिरते आणि हवा गळू लागते. वर्षातून एकदा यंत्र सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या यंत्राशी आलटून पालटून, त्याच दंडावर, दोन-तीन मापे ताडून पाहावीत. फरक सातत्याने दहाच्या घरात असेल तर सेवा केंद्रात तपासून घ्यावे. यंत्रापेक्षा पट्टा लवकर झिजतो आणि त्याचे चिकटणारे टोक सैल झाले की फुगताना तो सुटतो, म्हणून सुटा पट्टा त्या मॉडेलसाठी मिळतो का आणि किती रुपयांना, हे यंत्राचे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराला विचारून घ्यावे.